अपघाताविना एकशे त्रेसष्ट दिवस

आमच्या ह्यांनी लग्नात माझ्या गळ्यात हार घालताना आधी हारातली टाचणी काढून खिशात ठेवली होती. कुणाला टोचायला नको म्हणून. असा माणूस पुढे अंबडच्या कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर झाला, यात नवल ते काय? माझी तक्रार एवढीच की शिफ्ट संपली तरी ह्यांची ड्यूटी काही संपत नसे.

१९९८ च्या जूनमध्ये ह्यांचा शाळासोबती सहादू कळवणकडच्या गावाहून आपल्या मुलीला घेऊन आमच्या सिडकोतल्या घरी आला. अंजली सोळा वर्षांची. दहावीला शाळेत पहिली आलेली आणि नाशकात अकरावी सायन्सला प्रवेश मिळालेला. आम्ही घरात दोघंच, खोली रिकामी, तेव्हा तिनं आमच्याकडेच राहायचं हे ठरलेलंच होतं.

सहादूनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, “भूषण, वहिनी, पोर तुमच्या पदरात टाकली हाय. पण एक सांगून ठेवतो. आमची बायडाबाई टपून बसली हाय. दिराचा पोरगा बघून ठेवलाय तिनं अंजलीसाठी. हितं एक जरी कमी-जास्त झालं, तर पोर परत न्यायची असं कबूल करून आलोय मी तिला. मंग माझं काय चालायचं नाय.”

बायडाबाई म्हणजे सहादूची थोरली बहीण. तिच्यापुढे आख्ख्या घरात कुणी ब्र काढत नाही. अंजली खाली मान घालून ऐकत होती. पुस्तकांची पिशवी तिनं अजून खांद्यावरून उतरवलीसुद्धा नव्हती, आणि मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं.

ह्यांना वाईट वगैरे वाटलं नाही. ह्यांना काम मिळालं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर फळा लागला. कारखान्याच्या गेटवर असतो तसाच, हिरव्या रंगाचा. ‘अपघाताविना दिवस’ आणि खाली खडूनं आकडा : एक. त्याखाली नियमांचा कागद. तोही कारखान्यातलाच साचा. वर ठळक अक्षरांत ‘सर्वांना लागू’. संध्याकाळी साडेसहाच्या आत घरात. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. कुणाच्या गाडीवर बसायचं नाही. शेगडीजवळ केस बांधलेले हवेत. आणि बाहेर पडताना गेटपास. म्हणजे दाराशी दोरीला बांधलेल्या वहीत लिहायचं : कुठे, कशासाठी, परत किती वाजता.

“आणि नियम मोडला तर?” मी विचारलं.

“आकडा शून्यावर. चौकशी. आणि अहवाल सहादूला.”

“अहो, पोर शिकायला आलीय, बॉयलर बसवायला नाही.”

पण अंजलीनं हूं की चूं केलं नाही. उलट कांदा चिरताना तिनं ह्यांचा कारखान्यातला चष्मा डोळ्याला लावला, आणि मी पोट धरून हसले. चार दिवसांनी मीही तोच चष्मा लावून कांदा चिरत होते, हे मात्र मी कॉलनीत कुणाला कळू दिलं नाही.

दर रविवारी सकाळी शेजारच्या देवरेंच्या फोनवरून गावच्या किराणा दुकानात फोन लागायचा. सहादू तिथे येऊन बसलेला असायचा. हे फक्त आकडा सांगायचे. सहादू फोनवर असा बोलतो की फोन नसता तरी ऐकू आला असता. “एकूणपन्नास!” तो दुकानात ओरडायचा, आणि मागे माणसं “वा वा” म्हणायची. गावात कांद्याच्या भावानंतर आमच्या फळ्याचाच आकडा विचारला जायचा म्हणे. शंभर झाले तेव्हा सहादूनं दुकानात पेढे वाटले. बायडाबाईनंही एक घेतला, पण तोंड वाकडं करून.

म्हणजे ज्या आकड्याची मी इतके दिवस टिंगल करत होते, त्याच आकड्यावर त्या पोरीचं कॉलेज उभं होतं. अंजलीला ते माझ्याआधी कळलं होतं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधीच ती पाठ फिरवून घरी यायची. सहा पंचवीसला दारात हजर.

नोव्हेंबरातला एक मंगळवार. फळ्यावर एकशे त्रेसष्ट. मंगळवारी अंजलीचं प्रॅक्टिकल असायचं, त्यामुळे वहीत तिची वेळ साडेपाच. मंगळवारीच ह्यांची ‘सेफ्टी मीटिंग’ असायची, म्हणून पहिली शिफ्ट साडेतीनला सुटली तरी हेही साडेपाचनंतरच यायचे. मी त्या दिवशी नाशिकरोडला बहिणीकडे गेले होते. वहीत लिहून, बरं का. परत सात वाजता.

सातला आले तर दाराला कुलूप. माझ्या किल्लीनं उघडलं. घरात दोघांपैकी कुणीच नाही. वही उघडी होती आणि त्यात अंजलीचं गोल अक्षर :

‘कुठे : अंबडच्या रस्त्याला. कशासाठी : काका आले नाहीत. परत : काका सापडल्यावर.’

बाहेर पडल्याची वेळ सहा चाळीस. बाहेर तर मिट्ट काळोख झालेला. देवरेंकडे धावले, तर त्यांचा फोन सकाळपासून बंद. परत येऊन दारात उभी राहिले आणि त्या फळ्याला, ह्यांना, सहादूला आणि बायडाबाईला, जो जो आठवेल त्याला शिव्या घातल्या.

सव्वासातला गल्लीच्या तोंडाशी स्कूटर दिसली. हे स्कूटर हातानं ढकलत होते आणि अंजली शेजारून चालत होती, कारण ‘कुणाच्या गाडीवर बसायचं नाही’. दोघांचेही डोळे लाल.

झालं होतं ते असं. प्रॅक्टिकल रद्द झालं म्हणून अंजली तीनलाच घरी आली होती. साडेपाच वाजले, सहा वाजले, हे आले नाहीत. तिनं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून कारखान्यात फोन केला. गेटवरचा माणूस म्हणाला, साहेब साडेतीनलाच गेले, आज मीटिंग-बिटिंग काही नाही. तिला वाटलं, अपघात. फळ्यापुढे उभी राहून तिनं दहा मिनिटं काढली, आणि मग वही उघडली.

हे सापडले त्रिमूर्ती चौकात, मंगळू पंक्चरवाल्याच्या टपरीमागे. बसथांब्याकडे डोळे लावून.

मंगळूनंच सगळं फोडलं. “ताई, दर मंगळवारी येतात साहेब. चाकात हवा हाय तरी हवा भरायला लावतात. तुम्ही बसमधून उतरून गल्लीत वळलात की मग निघतात. आज म्हणलं, जा आता घरी, तर म्हणे, पोर अजून उतरली नाही.”

सेफ्टी मीटिंग ती हीच. आपल्यावर अविश्वास आहे असं पोरीला वाटू नये म्हणून टपरीमागे लपायचं, आणि घरी यायला पाचेक मिनिटं मागे राहायचं. त्या दिवशी चार वाजल्यापासून तीन तासांच्या आसपास हा माणूस प्रत्येक बसची माणसं मोजत उभा होता, आणि ती घरात ह्यांची वाट बघत बसली होती. मला इतका राग आला, आणि इतकी माया आली, की आधी काय बोलावं तेच कळेना.

“वहीत का नाही लिहिलंत?” एवढंच मी विचारलं. “वर मोठ्या अक्षरात काय आहे? सर्वांना लागू.”

हे फळ्याजवळ गेले आणि ओल्या फडक्यानं एकशे त्रेसष्ट पुसलं.

“काका, नको ना,” अंजली रडायलाच लागली. “बाबांना नका सांगू. मी साडेसहानंतर बाहेर गेले. ते नेतील मला.”

“अपघात लपवणाऱ्याला मी कारखान्यात उभा करत नाही, बेटा,” हे म्हणाले आणि शून्य काढलं. त्या रात्री तिघांपैकी कुणीच धड जेवलं नाही. पुढचे चार दिवस अंजली पुस्तक उघडून बसायची, पण पान उलटायची नाही.

रविवारी फोन लागला. “पाच,” हे म्हणाले.

“काय पाच?” सहादू ओरडला. “एकशे अडुसष्ट पायजेत. मी मोजतोय ना हितं!”

मग ह्यांनी सगळं सांगितलं. टपरी, हवा, खोटी मीटिंग, काही राखून ठेवलं नाही. शेवटी वहीतलं ते पान वाचून दाखवलं. ‘परत : काका सापडल्यावर.’

पलीकडून सहादूनं विचारलं,

“अंधारात एकटी गेली?”

“गेली.”

“तुला हुडकायला?”

“हो. चूक माझी आहे, सहादू. तिची नाही. आता तू म्हणशील तसं. न्यायचं असेल तर…”

“नेऊन काय करू?” सहादूचा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला. “तू पुन्हा हरवला, तर तुला हुडकायला कोण जाईल?” आणि मग तोंड फिरवून तो दुकानात असा काही ओरडला की देवरेंच्या घरात सगळ्यांना ऐकू गेलं. “पाच झाले हो! आणि बायडाबाईला कुणीतरी सांगा, पोर काय एवढ्यात येत नाय!”

अंजली हसली, आणि मग माझ्या पदरात तोंड खुपसून पुष्कळ वेळ रडली.

पुढच्या मंगळवारी दुपारी मी वही पाहिली. साडेपाच वाजता येणाऱ्या अंजलीच्या नोंदीखाली ह्यांचं किरटं अक्षर होतं. सकाळी शिफ्टला जातानाच लिहून गेले असणार :

‘कुठे : मंगळूच्या टपरीमागे. कशासाठी : अंजली. परत : ती उतरल्यावर, तिच्याबरोबर.’