शेवंती छाटल्याचा गुन्हा

"वच्छलामावशी, उद्यापासून नका येऊ," अंकितानं दारातूनच सांगितलं, आणि वच्छलाच्या हातातली झारी हातातच राहिली. का नको, तर म्हणे कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आलाय. अंकितानं मोबाइल पुढं केला. मग वच्छलाला वाचता येत नाही हे आठवलं आणि तिनंच वाचून दाखवलं. "वच्छला नावाच्या बाईला बागकामाला ठेवताना विचार करा. पंधरा दिवसांत माझी दोन झाडं मारली. एक पाणी पाजून कुजवलं, दुसरं मुळापासून कापलं." खाली दोन फोटो आणि दानेश्वरीवहिनींचं नाव.

वच्छलाच्या अंगाचा तिळपापड झाला. मारली? आयुष्यात तिच्या हातून झाड गेलंच नाही असं नव्हे. उन्हाळ्यानं गेलं, वाळवीनं गेलं, एक तर शेजारच्या बोकडानं खाल्लं. पण मारलं? आधी वळसंगात सासरच्या रानात तिनं शेवंतीचे वाफे राखले. मग गेली बारा वर्षं जुळे सोलापुरात सात घरच्या बागा. आणि ती सातही घरं त्या मेल्या ग्रुपवर! एक आत्ताच तुटलं. बाकीची संध्याकाळपर्यंत तुटतील. तिनं झारी ठेवली, पदर खोचला आणि दानेश्वरीच्या बंगल्याची वाट धरली.

वाटेत डोकं नुसतं भणभणत होतं. वहिनी पंधरा दिवस माहेरी, विजापूरला गेल्या होत्या. जाताना मोबाइलमध्ये बघून बघून सांगून गेल्या. खिडकीतल्या सक्युलंटला आठवड्यातनं चमचाभर पाणी, अंगणातल्या शेवंतीला एक दिवसाआड. जसं काही वच्छलाला कळतच नव्हतं! ते गुबगुबीत पानांचं झाड पोटातच पाणी साठवून बसतं. कुंडीतली माती पार कोरडी झाल्याबिगर त्याला पाणी दाखवायचंसुद्धा नाही. दोन्ही आठवड्यांना तिनं आत जाऊन मातीत बोट खुपसलं, तर माती ओली. वहिनींनी जाताना बदाबदा घातलं असेल म्हणून तिनं थेंबही घातला नव्हता.

आणि शेवंती? तिला नुसत्या पाण्यावर भागत नाही. तिचे लाड निराळे. बहर सरला की वीतभर ठेवून बाकी सगळी छाटायची, बुडाशी शेणखत द्यायचं. मग मातीतनं मुनवे, म्हणजे नवे कोंब फुटतात, ते सोडवून निराळे लावले की पुढच्या साली अंगण पिवळं. नाही छाटली तर वाळक्या काटक्यांचा भारा होऊन बसते. वळसंगातलं शेंबडं पोरगंसुद्धा हे सांगेल. पण मोबाइलनं वहिनींना सांगितलं नव्हतं ना!

दानेश्वरी व्हरांड्यातच होती. बाजूला खुर्चीवर तिच्या सासूबाई, सुंदरम्मा, जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

"वैनी, मी झाडं मारली व्हय?" वच्छलानं फाटकातूनच विचारलं.

"मग काय म्हणू?" दानेश्वरीनं अंगणाकडं बोट केलं. "पाहा की! भरलेलं झाड ठेवून गेले होते. टक्कल केलंत त्याचं. आणि ते सक्युलंट! ज्याला काहीच करावं लागत नाही, तेसुद्धा तुम्हाला जगवता आलं नाही."

"शेवंती मेली न्हाय, छाटलीया. पंधरा दिस थांबा, फुटतीया का न्हाय बघा. न्हाय फुटली तर मीच तोंड दाखवनार न्हाय. आन् तुमच्या त्या सकुलंटला म्या पानी घातलंच न्हाय."

"मग आपोआप कुजलं?"

"आना हिकडं."

कुंडी आली. चिनीमातीची, नक्षीची, आणि बुडाला भोक म्हणून नाही. पानं पिवळी पडून काचेसारखी झालेली, हात लावला की गळायची. वच्छलानं फरशीवर कुंडी पालथी केली. चिखलाचा गोळा थपकन पडला, वास सुटला. मुळं काळी ठिक्कर. आणि त्या चिखलात पांढरे पांढरे तांदळाचे दाणे, कुंकवाची लाली, कुजलेली बेलाची पानं.

"ह्ये म्या टाकलं व्हय?" वच्छला ओरडलीच. "माज्या झारीत बेल असतो काय?"

सुंदरम्मांची माळ थांबली. "अय्यय्यो, शिवा," त्या पुटपुटल्या. "मी घातलं गं. पूजेचं पाणी मोरीत कसं ओतायचं? तुळशीपातूर रोज नेत होते, पण ह्या गुडघ्यांनी पायऱ्या उतरवेनात. देवघराच्या खिडकीत हे होतं. म्हटलं, झाडाच्याच मुळाशी जातंय की. रोज एक तांब्या."

रोज एक तांब्या! वच्छलाला वाटलं, आता म्हातारीला ऐकावं लागणार. पण सासूशी बोलताना दानेश्वरीचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला.

"असू दे हो अत्ती. मनाला लावून घेऊ नका. एवढंसं रोप ते. दुसरं आणू."

वच्छलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आता एवढंसं रोप? माज्या नावावर व्हतं तवा खून झालता! तवा फोटू काढून गावभर लावलं. आता सासूचं नाव आलं की एवढंसं झालं?"

"मावशी, आवाज खाली. मी तो मेसेज काढून टाकते, झालं?"

"पुसू नका." वच्छला पायरीवर मांडी घालून बसली. "ज्येनी वाचायचं त्येनी वाचलं. अंकिताताईनी घर तोडलं. पुसल्यावर त्येंच्या डोस्क्यातलं बी पुसंल व्हय? लिवा. जितं लिवलं, तितंच लिवा."

"काय लिहू?"

"जे झालं ते. वच्छलानं झाड मारलं न्हाय. सासूबाईंनी देवाचं पानी घातलं. शेवंती छाटायचीच असती, मला ठावं नव्हतं. एवढंच."

दानेश्वरीनं मोबाइल उघडला. अंगठा वर गेला, खाली आला. "गैरसमज झाला होता असं लिहिते."

"गैरसमज न्हवं. कुनाचा गैरसमज? नावानं लिवा. माजं नावानंच लिवलंया."

"अहो मावशी, समजून घ्या की. अत्तींचं नाव ग्रुपवर घालू? सगळी कॉलनी वाचते. या वयात लोक काय म्हणतील त्यांना?"

"माजं नाव घातलं तवा ती लोकं कुटं गेलती?"

 दानेश्वरी मोबाइलकडं बघत उभी राहिली. वच्छलाही पायरीवरून हलली नाही.

सुंदरम्मांनी माळ मांडीवर ठेवली आणि सुनेपुढं हात केला. "दे तो मोबाइल इकडं," त्या म्हणाल्या. "माझं नाव मला लिहिता येतंय."