तिसरा फर्मा

बावीस वर्षं पुस्तकं शिवून तिची बोटं वाकडी झाली आणि मालकाने बाइंडिंगखान्याला टाळं ठोकलं. वाचनालयातली ही जागा हुकली तर घरी मोठ्या बहिणीची बोलणी खात बसायचं. बहिणीने सकाळीच सुनावलं होतं, "तू कादंबऱ्या ओळखणार? पहिल्या पानापुढे गेलीस का कधी?"

खोटं नव्हतं. शिवताना पहिलं पान तेवढं डोळ्यांखालून जायचं. पण इथली परीक्षाही पहिल्या पानाचीच. नुसती सुरुवात वाचून कादंबरी कुठल्या कपाटात जाईल ते सांगायचं.

ग्रंथपालांनी सुटी पानं पुढे सरकवली.

"पहिल्याच ओळीत प्रेत. रहस्यकथा," ती म्हणाली. "सांगणारा 'मी' आहे, पण काहीतरी लपवतोय."

"पुढचं."

"तारखा घातल्यात, म्हणजे रोजनिशी. घोडे, तोफा. ऐतिहासिक."

"आणि हे?"

जुनं पान, वरची कड फाटलेली. सुरुवात 'प्रिय ताई'. पत्ररूप, कौटुंबिक. उत्तर जिभेवर आलं आणि सवयीने नजर तळाशी गेली. कोपऱ्यात बारीक ३.

सोळा पानांच्या प्रत्येक फर्म्यावर छापखाना असा आकडा टाकतो, शिवणाऱ्याचा क्रम चुकू नये म्हणून. तीन म्हणजे आधीची बत्तीस पानं गायब.

गप्प राहावं तर नोकरी. बोलावं तर साहेबांचं नाक कापलं जाणार, आणि नाक कापलेला साहेब कुणाला नोकरी देतो?

"बाई, झोप लागली का?"

"साहेब, ही सुरुवात नाही." "तिसरा फर्मा आहे. आकडा बघा."

"अकरा वर्षं हेच पान देतोय मी. पत्ररूप, कौटुंबिक. येत नसेल तर तसं सांगा."

"येतंय. पण चूक आहे."

साहेब ताडकन उठले. कपाटातून अख्खी प्रत काढून उभ्याउभ्याच चाळू लागले. ती पदराचं टोक पिळत राहिली. बराच वेळ गेला.

"सांगणारा वेगळाच आहे," ते पुटपुटले. "पत्र एकच. सबंध पुस्तकात." मग खुर्चीत बसले. "या पानावर मी किती जणांना घरी पाठवलं."

दुसरी कुणी असती तर गोड बोलली असती. "त्यांना परत बोलवा," ती म्हणाली. "पण आधी माझं सांगा."

त्यांनी पुस्तकांवर कपाटाचं नाव डकवायच्या चिठ्ठ्यांचा डबा तिच्याकडे ढकलला, वर ते पुस्तक ठेवलं. "बसा. याला कुठलं कपाट?"

"पहिल्या पानावर आता विश्वास नाही, साहेब. वाचून सांगते," म्हणत तिने पान उलटलं.