पारावर मोजलेला श्वास

"एकोणीस! वीस! एकवीस!"

टाकळीच्या पारासमोर पाचशे माणसं एका आवाजात मोजत होती. पारावर सहा वर्षांची केशर उताणी निजली होती, डोक्याखाली महाराजांचा मखमली लोड, आणि तिचा श्वास बंद होता. बाविसाव्या आकड्याला श्वासनाथ महाराजांनी तिच्या हनुवटीखाली हात घातला. "मुंज्या, सोड!" अशी आरोळी ठोकली, आणि केशरनं घर्रकन श्वास ओढला. जयजयकार झाला. बायका धावत जाऊन केशरच्या आईच्या, मनकर्णाच्या, पाया पडल्या.

मनकर्णाला ते आवडू लागलं होतं. केशर झोपेत घोरायची, घुसमटून उठायची आणि दिवसा जिथं बसेल तिथं पेंगायची. महिनाभरापूर्वी याच बायका झपाटलेल्या पोरीची आई म्हणून मनकर्णाला पाणवठ्यावर टाळत होत्या. आता तिला पुढची जागा होती आणि मोजणीचा पहिला आवाज तिचा असे.

"मुंज्या पोरीच्या नरड्यात बसला हाये," महाराज सांगत. "भाडं देत नाई अन् घर सोडत नाई! अकरा गुरुवार लागतीन. दवाखान्यात नेलं तं तो डॉक्टरच्या नरड्यात बसते. मंग डॉक्टरले कोन सोडवीन?" लोक खदखदून हसत. डॉक्टरवर हसायला टाकळीत सगळ्यांनाच आवडे.

शाळेच्या डोमाजी गुरुजींनी मात्र मनकर्णाला वाटेत थांबवलं होतं. "बाई, हे नाकाघशाचं दुखणं दिसते. अकोल्याले दाखवा."

उत्तर तिच्या नवऱ्यानं, जानरावनं दिलं. "दोन वर्सं झाले तुमी नागपूरले जाऊन आपले देव सोडले, गुरुजी. आता आमचेबी सोडाले लावता काय?"

सहाव्या गुरुवारी दर्यापूर-मूर्तिजापूरकडून गाड्या आल्या. महाराजांनी आज तीसपर्यंत नेण्याचं जाहीर केलं होतं. आणि नेमकी त्याच दिवशी केशर सकाळपासून टक्क जागी, अंगणात खेळत होती. एवढ्या लोकांसमोर पोरगी निजलीच नाही तर?

कापूस वेचायला जाताना टाकळीच्या बाया तान्ह्या पोराला डाळीएवढी अफू चाटवत आणि शेताच्या धुऱ्यावर झोळीत टाकत. सांजेपर्यंत पोर हूं की चूं करत नसे. मनकर्णानंही केशरला अशीच वाढवली होती. तिनं उतरंडीतली पुडी काढली. पोरगी आता मोठी, म्हणून दोन डाळींएवढी घेतली, गुळात कालवून भरवली. पारावर महाराजांनी नेहमीप्रमाणे आपलं कडू तीर्थ पाजलं. केशर लगेच निजली.

"अठ्ठावीस! एकोणतीस! तीस!"

महाराजांनी हनुवटी उचलली. "मुंज्या, सोड!"

काहीच झालं नाही.

लोक मोजतच राहिले. "चाळीस! वा रे महाराज!" कोणी शिट्टी मारली. केशरचे ओठ जांभळे पडत चालले. महाराजांनी तिच्या गालावर चापट्या मारल्या, मग ताठ उभं राहून हात वर केले. "मुंज्या निंगून राहिला! जो पाहीन त्याच्या घरात शिरीन! डोये मिटा!"

पाचशे माणसांनी डोळे मिटले. मनकर्णानं मिटले नाहीत. म्हणून खडावा हातात घेऊन पारामागून उतरणारे महाराज तिला एकटीला दिसले.

तोवर डोमाजी गुरुजी पारावर चढले होते. त्यांनी लोड फेकून दिला, केशरची मान मागे केली आणि तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकलं. छाती वर आली. पुन्हा फुंकलं.

"अरे, त्यानं पोरगी बाटवली!" कोणीतरी डोळे उघडून ओरडलं. जानरावनं गुरुजींच्या मानगुटीला धरून त्यांना मागे ओढलं.

"सोड, जानराव! तू निळा जन्मला होता. माह्या सुईण मायनंच तुह्या तोंडात फुंकलं होतं. ईचार तुह्या मायले!"

जानरावची आई गोदाबाई समोरच उभी होती. तिनं पदर तोंडावर ओढला. जानरावची पकड सुटेना. ओढाताण चालली होती तेवढ्यात सहज शंभर आकडे झाले असते. आता कोणी मोजत नव्हतं.

शेवटी मनकर्णानं नवऱ्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. "फुका, गुरुजी!"

केशरचा श्वास परतला. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. नाकामागच्या गाठी आणि टॉन्सिल वाढल्यानं केशरची श्वासाची वाट अरुंद झाली होती. उताणं निजवून डोक्याखाली उंच लोड दिला की हनुवटी छातीला टेकते, जीभ मागे पडते आणि वाट बंद होते. हनुवटी उचलली की उघडते. यात मंत्र नाही. झोप लागावी म्हणून तीर्थात अफू. "पण अफू जास्त झाली की मेंदू श्वास घ्यायचंच थांबवतो. मग हनुवटी उचलून काय होणार? नेहमी हा धंदा करणाऱ्यानं एवढी चूक कशी केली?"

"त्यानं त्याची देल्ली," मनकर्णा म्हणाली. "मी माही देल्ली."



पुढं गाठी काढल्या. केशर आता बिनआवाज झोपते. पण श्वास थांबला होता तेवढ्यात तिच्या मेंदूला इजा झाली. उठते तेव्हा आईला ओळखत नाही, भरवल्याशिवाय खात नाही. डोमाजी गुरुजींच्या तोंडानं पोरगी बिघडली, असं टाकळी म्हणते. जानरावही म्हणतो.

संक्रांतीनंतर वरूडकडून बातमी आली. तिथं श्वासनाथ महाराजांपुढं पारावर दुसरं पोर निजत होतं. मनकर्णा केशरला कडेवर घेऊन गेली. गर्दी अकरापर्यंत पोचली होती. ती थेट वर चढली, पोराच्या डोक्याखालचा लोड उपसला आणि पोराला कुशीवर वळवलं. पोरानं श्वास घेतला.

"झालं! मुंज्या नाई अन् मंतर नाई," ती म्हणाली. मग केशरचा लोंबणारा हात वर उचलून तिनं लोकांना दाखवला. "हे माही पोरगी. हिच्यावर पाचशे लोकायनं आकडे मोजले. पहिला आवाज माहा होता."

महाराज ओरडत होते, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. खाली एका बाईनं आपलं पोर छातीशी घट्ट धरलं. "मंग आमी करावं काय वं, बाई?"

"कुशीवर निजवा. अफू चाटवू नका. अमरावतीची मोटार सकाळी आठले सुटते. डॉक्टरले दाखवा."