आप्पांच्या टायची गाठ

मित्रांनो, मी एक जुना टाय आहे. रंग निळा, त्यावर बारीक पांढरे तिरके पट्टे, कापड टेरीनचं. माणसाच्या गळ्यात मिरवणाऱ्या वस्तूनं मान ताठ ठेवून बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल. पण माझी गोष्ट मला मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे. ज्यांनी मला विकत घेतलं त्यांना मला बांधता येत नव्हतं आणि ज्याच्याकडे मी वारशानं आलो त्यालाही येत नव्हतं. दोघांनीही ते जगापासून लपवलं, आणि लपवलं ते माझ्याच आडून.

मी कुठल्या कारखान्यात शिवला गेलो ते मला आठवत नाही. आठवतं ते बेळगावच्या खडेबाजारातलं कपड्यांचं दुकान. तिथे एक दिवस निपाणीहून धर्मराज नावाचे तरुण शिक्षक आले. त्यांचे वडील तंबाखूच्या वखारीत पोती वाहायचे, आई तिथेच तंबाखू चाळायची. धर्मराज गल्लीतले पहिले पदवीधर, आणि नुकतेच हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलेले. त्यांच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, कोटातली आणि टायमधली. आपल्या लग्नात आपणही तसंच उभं राहायचं, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

दुकानदारानं मला स्वतःच्या गळ्यात टाकलं, भराभर चार हातवारे केले, गाठ मारली, ती जरा सैल केली आणि मला डोक्यावरून काढून धर्मराजांच्या हातात दिलं. म्हणाला, "घ्या सर. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला काय सांगायचं."

धर्मराजांना त्या हातवाऱ्यांतलं काहीएक कळलं नव्हतं. विचारावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. विचारलं असतं तर कुणीतरी हसलं असतं, आणि ते हसू टायपाशी थांबलं नसतं, ते जातीपर्यंत गेलं असतं. हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांनी नुसती मान डोलावली आणि मला पिशवीत ठेवलं.

लग्न झकास झालं. नवरी लक्ष्मीबाई बौद्ध रीतीप्रमाणे पांढऱ्या साडीत, धर्मराज कोट-टायमध्ये. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. म्हातारी माणसं जवळ येऊन माझी गाठ बोटानं चाचपायची आणि म्हणायची, "धर्मराजानं काय बांधलाय बघा. शिकल्याल्या मानसाचा हातच येगळा." धर्मराज हसायचे. मी मात्र त्यांच्या कॉलरखाली ओला होत होतो, कारण त्यांच्या मानेला फुटलेला घाम मला लागत होता.

पुढे गल्लीत पद्धतच पडली. कुणाचं लग्न असो, कुणाची मुलाखत असो, फोटो काढायचा असो, धर्मराज सरांचा टाय मागून न्यायचा. न्यायचा तो बांधलेलाच. डोक्यावरून घालायचा, गाठ वर सरकवायची, काम झालं की सैल करून तसाच परत आणून द्यायचा. नियम एकच होता. धर्मराज प्रत्येकाला दारात थांबवून सांगायचे, "गाठ तेवढी सोडू नगा." लोकांना वाटायचं, सर शिस्तीचे आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती माझी गाठ. मी कितीतरी नवरदेवांच्या गळ्यात गेलो, कितीतरी लोकांनी माझं कौतुक केलं, आणि प्रत्येक कौतुकाला मला चोरासारखं वाटायचं.

एका रविवारी लक्ष्मीबाई माहेरी गेल्या होत्या. धर्मराजांनी दाराला आतून कडी लावली आणि मला आरशासमोर धरलं. आज काय ते शिकायचंच. त्यांनी माझं शेपूट गाठीतून अर्धं बाहेर ओढलं. मग ते तिथेच थांबले. पूर्ण सुटलं आणि परत जमलं नाही तर? उद्या कुणी मागायला आलं तर काय सांगायचं? त्यांनी घाईघाईनं शेपूट परत आत सरकवलं, मला खिळ्यावर टांगलं आणि बराच वेळ आरशाकडे पाठ करून बसले. त्या दिवशी मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, सर, सोडा मला, दोघंही एकदा फजीत होऊ या. पण टायला कुठली वाचा?

त्यांचा मुलगा दीपंकर लहानपणी हट्ट करायचा, "आप्पा, मला टाय शिकवा की." आप्पा म्हणायचे, "आदी धावी हो." दहावी झाल्यावर म्हणाले, "आदी डिग्री घे, मग बघू." डिग्री झाली, एमबीए झालं, आणि एक दिवस शाळेतून आल्यावर आप्पा छातीत कळ येऊन गेले. दीपंकरला वाटलं, आपलं शिकायचं राहून गेलं. त्यानं मला खिळ्यावरून काढलं, माझी गाठ कपाळाला लावली आणि बेळगावला जाताना सोबत नेलं. त्याच्या लेखी ती आप्पांच्या हातची शेवटची गाठ होती. मला त्या कपाळाचा स्पर्श आजही आठवतो आणि आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता खरी गंमत ऐका. दीपंकरनं बेळगावात कुठला धंदा निवडावा? मुलाखतीची तयारी करून देणारा क्लास! अनगोळला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, एकीत तो आणि लक्ष्मीबाई राहायला, दुसरीत क्लास. येळ्ळूर, खानापूर, निपाणीकडची पोरं-पोरी यायची. कसं बसायचं, कसं बोलायचं, कुठले कपडे घालायचे, सगळं तो शिकवायचा आणि खरोखर मन लावून शिकवायचा. त्याच्या आवडीचा एक तास तर माझ्या घराण्यावरच होता. पडद्यावर चित्रं दाखवून तो आमचा इतिहास सांगायचा आणि मी त्याच्या गळ्यातून तो ऐकायचो.

तो सांगायचा, जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी क्रोएशिया नावाच्या देशाचे सैनिक फ्रान्ससाठी लढायला गेले. त्यांच्या गळ्यांना रुमाल बांधलेले होते. दरबारातल्या लोकांना ते रुमाल आवडले आणि तेच पुढे जरीच्या, झालरीच्या कापडाचे बांधायची टूम निघाली. मग इंग्लंडातल्या छानछोकीच्या माणसांनी त्याला खळ लावून असा उंच केला की मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागायचं. पुढे कचेऱ्या आल्या, कामावर जायची घाई आली, तशी गाठ लहान झाली आणि पुढचं टोक लांब झालं. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका शिंप्यानं कापड तिरकं कापून तीन तुकड्यांत शिवायची युक्ती काढली, म्हणून आजचा टाय बांधून सोडला तरी पुन्हा सरळ होतो. कधी तो तळहाताएवढा रुंद झाला, कधी दोन बोटांएवढा. आपल्याकडे तो साहेबाबरोबर आला आणि साहेब गेल्यावरही राहिला.

"पण मूळ काय, तर गळ्याचा रुमाल," दीपंकर शेवटी म्हणायचा. "आपल्याकडं ऊस तोडायला जाताना बांधत्यात, तसलाच. त्यामुळं टायला भ्यायचं कारण न्हाय."

पोरं टाळ्या वाजवायची. आणि जो टायला सगळ्यांत जास्त भीत होता, तोच ते सांगत होता. 'बांधून सोडला तरी पुन्हा सरळ होतो' हे वाक्य तो म्हणायचा तेव्हा मी त्याच्या गळ्यात शरमेनं गोळा व्हायचो, कारण मी जन्मात कधी सुटलो नव्हतो. "सर, बांधून दावा की," असं कुणी म्हटलं की तो घड्याळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "पुढच्या तासाला."

ह्या वर्षी त्याच्या क्लासात शामू नावाचा येळ्ळूरचा मुलगा होता. आयटीआय झालेला, वडील नाहीत, आई मालुबाई लोकांच्या शेतात कामाला जाते. त्याला उद्यमबागेतल्या एका कारखान्याचं मुलाखतीचं बोलावणं आलं. तो आदल्या दिवशी येऊन म्हणाला, "सर, टाय आणलाय खरं, बांधायला येत न्हाय. दावा की जरा."

त्याच्या हातात नवा कोरा टाय होता. दीपंकरनं तो हातात घेतला नाही. मग त्यानं आपल्या बापानं केलं तेच केलं. मला गळ्यातून काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "त्यो राहू दे. ह्यो घाल. आमच्या आप्पांचा हाय, लकी हाय." खरं कारण वेगळं होतं, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. गाठीचा नियम सांगायला मात्र तो विसरला. बहुतेक तोंड चुकवण्याच्या घाईत विसरला.

कारखान्यातली मुलाखत घ्यायला तिघं जण बसले होते. मित्रांनो, त्यांच्यापैकी एकाच्याही गळ्यात टाय नव्हता. आता तिथे ओळखपत्राचा पट्टा असतो, आमच्या घराण्यातला हा सगळ्यांत नवा वारस. त्यांच्यातल्या एका साहेबांनी सहज विचारलं, "टाय छान बांधलाय. स्वतः बांधला का?"

शामू लगेच म्हणाला, "न्हाय सर. मला येत न्हाय. आमच्या सरांचा हाय, बांधूनच दिल्ता."

साहेब हसले. "अहो, आम्हीपण विसरलो आता," असं म्हणून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. झालं, एवढंच. 'मला येत न्हाय.' जे तीन शब्द धर्मराजांना आयुष्यभर जमले नाहीत, ते ह्या पोरानं पाणी मागावं तसे सहज म्हणून टाकले. आणि कुणी जातीवर गेलं नाही, कुणी घरावर गेलं नाही. मला त्या पोराच्या गळ्यात बसायचीही लाज वाटली.

संध्याकाळी शामूनं मला घरी नेलं. मालुबाईनं मला हातात घेतलं आणि नाक मुरडलं. कारण, खरं सांगायला हरकत नाही, मी कधी धुतला गेलोच नव्हतो. ती म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू मागून आणल्यावर मळकी परत देत्यात व्हय रं? सोड ती गाठ." शामूनं एका झटक्यात गाठ सोडली. सरांना काय, परत बांधायला चुटकीचं काम. मालुबाईनं मला साबण लावून चोळलं आणि पाणी काळं झालं. किती नवरदेवांचा घाम त्यात होता, देव जाणे. दोरीवर मी उघडाबोडका लोंबत होतो. सगळं अंग विटलेलं आणि जिथे गाठ होती तिथे तेवढा एक पट्टा नव्यासारखा गर्द निळा. येणारंजाणारं माणूस थांबून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी शामूनं मला इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून, भर क्लासात सरांना दिलं. "आईनं धुऊन दिलाय सर. नोकरी लागली." टाळ्या वाजल्या. दीपंकरनं कागद उलगडला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आता बांधून दावा की सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"आज डोकं दुखतंय," असं म्हणून त्यानं क्लास सोडला.

पलीकडच्या खोलीत लक्ष्मीबाई भाकरी थापत होत्या. दीपंकर त्यांच्यापुढे मला धरून मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. "आई, आप्पांची गाठ गेली. त्यांच्या हातची तेवढीच राह्यली हुती."

लक्ष्मीबाईंनी तवा खाली उतरवला. पदरानं हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या आप्पाच्या हातची न्हवती ती. दुकानदारानं बांधल्याली. त्येला बांधाय येत न्हवतं."

"तुला म्हाईत हुतं?"

"हुतं की. एकदा म्हायेरास्नं लवकर आलते. खिडकीतनं बघितलं, टाय अर्धा सोडून आरशाम्होरं हुबा हुता, मग पाठ करून रडत बसला. तसंच भाईर थांबले. आत गेले असते तर त्येला लाज वाटली असती." त्यांनी माझा तो गर्द पट्टा बोटानं चाचपला. "पर आता वाटतंय, जायाला पायजे हुतं. दोघं मिळून काय तरी केलं असतं."

त्या घरात तिघंही कुणाची ना कुणाची लाज झाकत जगले, मित्रांनो, आणि त्या झाकण्यात एक माणूस एकटाच राहून गेला.

दीपंकरनं डोळे पुसले आणि मला दोन्ही खांद्यांवर तसंच सुटं टाकून तो क्लासात परत गेला. पोरं अजून शामूभोवतीच घोटाळत होती. तो फळ्यापुढे उभा राहिला. "बसा जरा. मला टाय बांधाय येत न्हाय. माझ्या वडलांनाबी येत न्हवतं. इतकं दिवस मी तुमाला फसवलं."

मग खानापूरची प्रियदर्शनी म्हणाली, "आमाला तरी कुठं येतंय सर. मोबाईलवर लावू या की." शामूनं मोबाईल फळ्याला टेकवून ठेवला आणि सगळे शिकायला लागले. दीपंकरची पहिली गाठ इतकी वेडीवाकडी आली की माझं मागचं शेपूट पुढच्या टोकाखाली वीतभर लोंबत होतं. पोरं खो खो हसली, तोही हसला. मला वाटलं होतं तेवढं ते हसू बोचलं नाही.

माझी विनवणी एवढीच आहे. मला धुवा, इस्त्री करा, नाहीतर बोहारणीला देऊन टाका, माझी तक्रार नाही. पण तुमच्याजवळ कुणी माणूस ओठांवर प्रश्न घेऊन गप्प उभा असेल, तर तो विचारण्याची वाट बघू नका. आपणहून, सावकाश, त्याला दाखवा. न येण्याची लाज त्याची नव्हे. त्याला विचारायची भीती ज्यांनी घातली, त्यांची ती.

काल लक्ष्मीबाई दीपंकरला म्हणाल्या, "तुला आलं न्हवं आता? मग तुझ्या आप्पालाबी दाव की." दीपंकर आधी हसला, मग आप्पांच्या लग्नातल्या फोटोपुढे उभा राहिला. त्या फोटोत आप्पांच्या गळ्यात मीच आहे. त्यानं मला गळ्यात टाकलं. "हे लांब टोक असं वरनं घ्यायचं, आप्पा. मग मागनं. मग असं आतनं."

लक्ष्मीबाई भिंतीला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, "सावकाश दाव रं. घाई करू नगंस, त्येला कळू दे."

दीपंकरनं गाठ सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली.