माझी एक स्प्रिंग बाहेरची

मित्रांनो, मी एक जर्मन चावीचं मनगटी घड्याळ आहे आणि खरं सांगायचं तर भारी गर्विष्ठ आहे. जर्मनीतल्या एका छोट्या गावात माझी चाकं कापली, स्क्रू तापवून निळे केले, यंत्राच्या पट्ट्या हातानं घासल्या. पाठीच्या काचेतून माझं यंत्र पाहून लोक म्हणायचे, "सगळं घरचं!" म्हणजे सगळे भाग एकाच कारखान्यात बनलेले. मी ताठ व्हायचो. पण जिच्यावर माझी टिकटिक चालते, ती केसाएवढी स्प्रिंग दुसऱ्या कारखान्यातून विकत आणलेली होती. पुष्कळ कारखाने तसंच करतात. तरी मला त्याची लाज वाटायची.

सुयशनं मला परदेशातून आणून वडिलांना, जयप्रकाशकाकांना, दिलं. काका कळंबोलीच्या लोखंड बाजारात सुपरवायझर. ते मला घालून खुशाल चुंबकाच्या क्रेनजवळ उभे राहायचे. एक दिवस स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले आणि मी पुढे पळत सुटलो. काकांनी झाकण उघडून सुईनं वेढे सोडवायला घेतले. स्प्रिंग मुरडली आणि मी थांबलो. चार दिवसांनी, शनिवारी, सुयश घरी येणार होता.

कामोठ्याच्या धर्मराज घड्याळवाल्यानं मला भिंगाखाली धरलं.

"काका, सुई घातली ना? घरचं मशीन असंल तर ह्याची स्प्रिंग बाजारात मिळत नाय. कंपनीत पाठवा, सहा महिने जातील. नायतर आतलं काढून बॅटरीचं टाकतो, मागं बिनकाचेचं झाकण."

काकांनी घाम पुसला. "टाक बाबा. पोराला काय तोंड दाखवू?"

माझा पहिला स्क्रू सैल झाला. भीतीनं माझा जीव अर्धा झाला. अरे, स्प्रिंग घरची नाही, कुणाला तरी विचार! पण मला वाचा कुठली?

दुसऱ्या स्क्रूवर धर्मराजचा हात थांबला. "एक मिनिट. पार्टवाल्याला फोटो टाकून बघतो."

पाऊण तास फोन गप्प होता. काका एकटक माझ्याकडे बघत होते. मग उत्तर आलं.

"काका, टेन्शन गेलं! स्प्रिंग बाहेरचीच हाय. मिळंल."

शनिवारी सुयशनं मला कानाशी धरलं. "पप्पा, मस्त चालतंय!"

"सुई घालून मीच बिघडवलं होतं रे," काका एका दमात बोलून गेले. "आणि ते सगळं घरचं नाय. म्हणून तर वाचलं."

मित्रांनो, आम्हांला चुंबकापासून लांब ठेवा, आमच्या पोटात सुई घालू नका. आणि 'सगळं घरचं' म्हणून मिरवणाऱ्याला स्प्रिंग कुणाची ते जरूर विचारा. माझं गुपित फुटलं नसतं, तर आज काकांच्या मनगटावर माझा चेहरा असता, मी नसतो.