हिल्डाच्या बहात्तर पायऱ्या

बूट काढा, मित्रांनो, आणि मग ऐका. मी पितळी दांडीचा, लोखंडी पायांचा जुना वजनकाटा आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका गिरणीत मी चाळीस वर्षं लोकरीच्या गाठी तोलल्या. गाठी कधी लाजत नाहीत. गिरणी बंद पडली आणि मी चर्चशेजारच्या हॉलमध्ये आलो. तिथे दर मंगळवारी वजन कमी करू पाहणारी मंडळी जमत. माझ्यावर चढण्याआधी ती चष्मा, कानातले, बोटातली अंगठीसुद्धा काढून ठेवत. अंगठीचा भार माझ्या दांडीला कळतही नसे, पण त्यांना सांगणार कोण?

हिल्डा त्यांच्यातलीच. चर्चच्या मनोऱ्यात प्रत्येक घंटेचा दोर ओढायला एकेक माणूस ठरलेला, आणि पाचवी घंटा तीस वर्षं तिची होती. दोन वर्षांपूर्वी बहात्तर पायऱ्यांपैकी चौतिसाव्या पायरीवर, खिडकीपाशी, ती धापा टाकत खाली बसली आणि त्यानंतर वर गेलीच नाही. शेवटी घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या एडगर तिला म्हणाला, "येत्या ईस्टरपर्यंत तुझा दोर कुणाला देत नाही. पुढे मात्र माझा नाइलाज आहे."

आमच्याकडची माणसं मेली तरी स्वतःला बरं म्हणत नाहीत. हिल्डा माझ्यावर पाय ठेवताना दर वेळी म्हणे, "चला, म्हैस आली. काटा मोडला तर माझ्या नावावर घाला." सगळे हसत. मग वजन घटलेलं असो की वाढलेलं, सगळी वरात समोरच्या दुकानात तळलेला मासा आणि चिप्स खायला जाई. आठवडाभर उपास आणि मंगळवारी पारणं. मला भारी राग येई.

वर्ग चालवणारी मेरियल एके दिवशी म्हणाली, "हिल्डा, म्हशीचं वजन मी करत नाही. नीट बोल."

"मग काय म्हणू? चिप्स खाणार नाही म्हणू?"

"तसं म्हणालीस की डोळ्यांपुढे चिप्सच येणार. तुला जायचंय कुठे ते सांग."

"वर. माझ्या घंटेपाशी."

"मग डोळे मीट आणि चढ. कितवी पायरी?"

हिल्डा लाजली, पण तिने डोळे मिटले. "बारावी. भिंत हाताला गार लागतेय."

त्यानंतर दर मंगळवारी ती माझ्यावर उभी राहून मनातल्या मनात चढे आणि चौतिसाव्या पायरीशी अडे. मेरियल सांगे, "अडलीस तर थांब. खिडकीतून वारा घे. तिथे बसणाऱ्या कबुतराची चौकशी कर. मग पुढची पायरी." एका मंगळवारी हिल्डा हळूच "पस्तीस" म्हणाली. मला फार आनंद झाला.

डोळे मिटून चरबी वितळत नाही, मित्रांनो. मी काटा आहे, थापा मारणार नाही. पण त्या दिवशी डोळे उघडल्यावर ती चिप्सच्या दुकानाकडे वळली नाही. ती मनोऱ्यात गेली आणि पाच खऱ्या पायऱ्या चढून आली. पुढच्या आठवड्यात दहा. घरी तिने ताटही लहान घेतलं. वजन हळूहळू उतरत गेलं.

मग हॉलमध्ये आकडे चमकवणारा नवा काटा आला आणि मला मनोऱ्याच्या दाराला टेकण म्हणून ठेवलं. पितळ काळं पडलं. वाईट वाटलं, नाकारत नाही. तुमच्या घरी जुना काटा असेल तर त्याला अधूनमधून पुसत जा, आणि त्याच्यावर चढताना स्वतःला शिव्या देऊ नका. तो ऐकत असतो.

ईस्टरच्या सकाळी हिल्डा मनोऱ्याच्या दाराशी आली. मेरियल सोबत होती. "एकदा उभी राहतेस? जुन्या दोस्तावर?"

"खाली आल्यावर," हिल्डा म्हणाली. तिने कोट माझ्या दांडीला अडकवला आणि ती आत शिरली. अंगठी बोटातच होती. मी पावलं मोजत राहिलो. चौतिसाव्या पायरीवर ती थांबली.

मग वरून आवाज आला, "कबूतर मजेत आहे गं."

पावलं पुन्हा सुरू झाली. बहात्तर झाली आणि थोड्या वेळाने पाचवी घंटा वाजली.

तासाभराने हिल्डा हसत खाली आली, माझ्यावरचा कोट घेतला आणि सगळ्यांबरोबर बोलत निघून गेली. वजन करायचं ती साफ विसरली.