निळी रेघ

“मागचा नकाशा पुन्हा लावा,” जनसुनावणीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि धाकटीने बटण दाबायचं सोडून पाण्याचा पेला उचलला. पाणी हिंदकळून कागदांवर सांडलं. शेवटी तिच्या साहेबांनीच हात लांब करून बटण दाबलं. पडद्यावर निळी रेघ उमटली.

विमानतळाची धावपट्टी वाढवायची तर कुठल्या बाजूने, याचा पर्यावरण अहवाल धाकटीने लिहिला होता. अशा अहवालात पर्याय तोलून दाखवावे लागतात. पहिला पूर्वेचा, पाणथळीवरून जाणारा; विमानतळवाल्यांना तोच हवा होता. तिसरा म्हणजे काहीच न करणं. आणि मधला, पश्चिमेचा, या निळ्या रेघेचा, तो केवळ पहिल्याने जिंकावं म्हणून उभा केलेला. ऑफिसात अशा पर्यायाला बुजगावणं म्हणत. बुजगावण्याचा सदरा तरी धड हवा, नाहीतर कावळेसुद्धा हसतील, असं साहेब नव्या माणसांना बजावत. म्हणून तिने त्याच्यापुढे ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य’ असं लिहिलं होतं.

रेघ तिने मुद्दाम आपल्या ताईच्या वस्तीवरून ओढली होती. एकदा फेटाळलेल्या जागेकडे पुन्हा कोणी ढुंकूनही बघत नाही, हे तिला नोकरीत पक्कं कळलं होतं. शाळा, दवाखाना, दाटीवाटीची घरं, असलं काही कोण शहाणा निवडणार? एकदा नकार पडला की ताईचं घर कायमचं सुटलं. स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की फोन करून सांगूनही बसली, “बांध ग वरची खोली. निर्धास्त बांध.”

आणि आज वैमानिकांचा प्रतिनिधी उठला. पाणथळीत पक्ष्यांचे थवे असतात, तिकडे धावपट्टी नेलीत तर एक ना एक दिवस विमान पडेल, एवढंच बोलून तो खाली बसला. पहिला पर्याय तिथेच संपला.

“दुसरा शक्य आहे असं तुम्हीच लिहिलंय,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मग अडचण काय?”

धाकटीने भिजलेले कागद पुढे ओढले. साहेब ओठ न हलवता पुटपुटले, “काही अडचण नाही म्हण. अहवालात खोटं लिहिलं असं कबूल केलंस तर तुझा परवाना जाईल, आणि ऑफिसला कुलूप लागेल ते वेगळंच.”

तिने मागे वळून बघितलं नाही. तिसऱ्या रांगेत ताई बसली होती. ये एकदा, मी काय काम करते ते बघ तरी, असं धाकटीनेच तिला बोलावलं होतं. नकाशावर वस्तीचं नाव नव्हतं, नुसते करडे चौकोन होते. त्यातला एक ताईचा होता आणि ताईला तो ओळखू येणं शक्य नव्हतं.

“पश्चिमेकडच्या वस्तीतलं कोणी आलंय का?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धाकटीला तो पाठीत ऐकू आला.

“मी आहे की,” ताई म्हणाली. “पण आमच्याकडे काही येत नाहीये. ही माझी बहीणच ना, तिनेच सांगितलंय. स्लॅबसुद्धा पडला आमच्या वरच्या खोलीचा.”

काही जण हसले. ताईही हसली आणि शेजारच्या बाईला बोटाने बहीण दाखवू लागली.

अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. “तुम्ही सांगितलंत यांना?”

“हो.”

“निर्णय व्हायच्या आधीच? कशाच्या जोरावर?”

साहेबांनी आपली खुर्ची हळूच तिच्यापासून लांब घेतली. धाकटीने पेला उचलला. तो रिकामा होता. आता काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होतं. तरी तिने माइकचा खटका दाबला. बारकासा लाल दिवा लागला.

“दुसरा पर्याय खरा नव्हता,” ती म्हणाली. “आम्ही तो हरण्यासाठीच लिहिला होता.”

आवाज इतका खोल गेला होता, की पुढच्या रांगेपलीकडे तो पोचलाच नाही. तिने मान वळवली. ताई अजून उभीच होती, कानामागे हात धरून. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये करायची तशीच ती दुसऱ्या हाताने खुणावत होती, मोठ्याने बोल, मोठ्याने.

धाकटीने माइक जवळ ओढला.